फोनवर मला ऐकू येतं, पण समोरच्याला माझा आवाज जात नाही : माईकच्या दुरुस्तीबद्दल मदत हवी

पारिजात_२

आईच्या फोनबद्दल विचारायचं आहे. अँड्रॉइड फोन आहे, तसा जुना नाही. गेल्या काही आठवड्यांपासून तिचा आवाज आम्हाला दबका यायला लागला आणि आता तर जवळजवळ येतच नाही. तिला आमचं सगळं स्वच्छ ऐकू येतं. ती बोलत राहते, आम्ही "हॅलो, हॅलो" करत राहतो. स्पीकर चालू केला की मात्र तिचा आवाज येतो, हे काल लक्षात आलं.

फोन बंद करून चालू केला, सिम काढून परत घातलं. फरक नाही. एका नातेवाइकाने फॅक्टरी रिसेट करायला सांगितलंय. पण त्या फोनमध्ये बाबांचे व्हॉइस मेसेज आहेत. ते दुसरीकडे कुठे ठेवलेले आहेत की नाही याची आईला खात्री नाही, त्यामुळे रिसेटला हात लावायची भीती वाटते. ती एकटी राहते, रोजचा फोन हाच आमचा आधार आहे. कुठून सुरुवात करू?

तारयंत्र

रिसेट आत्ता अजिबात करू नका. ते मेसेज आधी दुसरीकडे उतरवून घ्या, बाकी सगळं नंतर.

स्पीकरवर आवाज जातो ही तुम्ही दिलेली माहिती फार कामाची आहे. फोनमध्ये माईक एकच असतो असं आपण धरून चालतो, पण आजच्या बहुतेक फोनमध्ये किमान दोन असतात. एक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळ. कानाला लावून बोलतो तेव्हा मुख्य काम तो करतो. दुसरा वरच्या कडेला. बऱ्याच फोनमध्ये तिसराही असतो, मागच्या कॅमेऱ्याजवळ, व्हिडिओच्या आवाजासाठी. स्पीकर चालू केल्यावर अनेक फोन वेगळा माईक वापरतात किंवा दोन्ही मिळून वापरतात. म्हणजे आईच्या फोनचा निदान एक माईक जिवंत आहे, आणि संशय खालच्यावर आहे.

पण खालचा माईक बिघडलाय असं लगेच ठरवू नका. वरचा माईक आजूबाजूचा गोंगाट ऐकतो आणि फोनचं सॉफ्टवेअर दोन्हींची तुलना करतं. जो आवाज खाली जोरात आणि वर हळू येतो तो तुमचा, जो दोन्हीकडे सारखा येतो तो गोंगाट, असा साधारण हिशेब असतो. खालचं भोक धुळीने किंवा कव्हरने बुजलं, की तुमचा आवाजही दोन्हीकडे सारखाच पडतो आणि फोन त्याला गोंगाट समजून दाबून टाकतो. अशा वेळी माईक धडधाकट असूनही समोरच्याला काही कळत नाही.

म्हणून आधी एवढं करून पाहा. फोनचं कव्हर काढा. फोनमधला साधा रेकॉर्डर उघडा, कानाला लावतो तसा फोन धरून थोडं बोला आणि ऐका. मग मागच्या कॅमेऱ्याने छोटा व्हिडिओ घ्या, पुढच्या कॅमेऱ्याने दुसरा घ्या, दोन्हींचा आवाज ऐका. त्यानंतर एक साधा कॉल आणि एक व्हॉट्सॲप कॉल, दोन्ही स्पीकर न लावता. शेवटी माईक असलेले वायरचे इअरफोन लावून एक कॉल. काय काय होतं ते इथे लिहा, त्यावरून पुष्कळ कळेल.

उंबरठा

हे सगळं करण्याआधी ब्लूटूथ बंद करून पाहा. आमच्या घरी अगदी हेच झालं होतं. स्मार्ट घड्याळ जोडलेलं होतं, ते पलीकडच्या खोलीत चार्जिंगला होतं आणि फोन त्या घड्याळाचा माईक वापरत होता. कॉल चालू असताना स्क्रीनवर आवाज कुठून घ्यायचा आणि कुठे द्यायचा हे निवडायचं बटण असतं, तिथे कळतं. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टच'च्या आत 'कॉल ऑडिओ राउटिंग' आहे, तिथे 'ऑटोमॅटिक' असावं.

शिवाय अँड्रॉइड १२ पासून (२०२१) वरून खाली ओढायच्या पट्टीत माईक पूर्ण बंद करायचं एक बटण आलंय. ते चुकून दाबलं गेलं तर ॲप चालू दिसतात, पण त्यांना नुसती शांतता मिळते. वयस्कर माणसांच्या हातून ही पट्टी सारखी ओढली जाते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत 'मायक्रोफोन ॲक्सेस' तपासा.

तिसरीघंटा

सिम काढायची पिन घ्या आणि खालच्या बारीक भोकात हलकेच फिरवा. कचरा निघतो. मी दोन-तीन फोनचे माईक असेच साफ केलेत.

रंधा

तिसरीघंटा, तुम्ही मदतीच्याच भावनेने लिहिलंय, पण कृपया हे कुणी करू नका. मी मोबाइल दुरुस्तीच्या कामात आहे. पिन घातल्यामुळे कायमचे गेलेले माईक माझ्याकडे सतत येतात.

आतला माईक म्हणजे डाळीच्या दाण्याएवढी धातूची डबी. तिच्यात सिलिकॉनचा एक पडदा असतो, केसापेक्षा कितीतरी पातळ. आवाजाने तो थरथरतो आणि त्या थरथरीचा विजेचा संदेश होतो. बाहेरच्या भोकापासून या पडद्यापर्यंतची वाट जेमतेम असते, मध्ये फार तर एक बारीक जाळी आणि रबराची चकती. पिन जाळी फाडून थेट आत जाते. काही फोनमध्ये आतली वाट वळलेली असते म्हणून पिन पडद्यापर्यंत पोचत नाही आणि माणसाला वाटतं की हा उपाय चालतो. पण आपल्या फोनची वाट सरळ आहे की वळलेली हे बाहेरून दिसत नाही. काही मॉडेलमध्ये सिमचं भोक आणि माईकचं भोक एकाच कडेवर असतात आणि दिसायला सारखीच असतात, त्यामुळे सिम काढतानाही पिन भलत्याच भोकात जाते. शेजारी ट्रेची चौकट दिसत असेल तरच पिन लावा.

हवेच्या दाबाचे डबेही नकोत. पडदा हवेच्या बारीक लहरी टिपण्यासाठी बनवलेला असतो, जवळून मारलेला झोत त्याला सोसत नाही. व्हॅक्यूमने ओढणंही तसंच. भोकात थेट सॅनिटायझर, स्पिरिट किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर सोडायचं नाही. बाहेरची धूळ विरघळून आत जाते आणि जाळीवरच थर धरते.

मग करायचं काय? मऊ, कोरडा ब्रश. लहान मुलांचा नवा टूथब्रश उत्तम. फोन बंद करा, भोक जमिनीकडे राहील असा धरा आणि कडेवरून आडवा ब्रश फिरवा, म्हणजे निघालेला कचरा खाली पडेल. ब्रश भोकात दाबायचा नाही. त्यानंतर भिंतीवर पोस्टर चिकटवायची जी चिकट पुटी मिळते तिचा गोळा हलकेच टेकवून उचलायचा, तोही दाबायचा नाही. घरी करण्यासारखं एवढंच, आणि बुजलेलं भोक असेल तर बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

तिसरीघंटा

समजलं. वाट वळलेली असते हे माहीत नव्हतं. वरचा प्रतिसाद वाचणाऱ्यांनी रंधा म्हणतात तसंच करावं.

मध्यरात्र

पारिजातताई, तुमच्याच धाग्यात विचारतो, राग मानू नका. माझा प्रकार उलटा आहे. व्हॉट्सॲप कॉलवर सगळं ठीक, रेकॉर्डिंग ठणठणीत, पण साध्या कॉलवर समोरच्याला काहीच ऐकू जात नाही. तेही कधी होतं, कधी नाही. माईक बदलायला सांगत आहेत. बदलू का?

तारयंत्र

मध्यरात्र, नका बदलू. तोच माईक रेकॉर्डिंगला आणि व्हॉट्सॲपला चालतो, मग कॉलपुरता तो कसा बिघडेल? तुमचा दोष पुढच्या वाटेवर आहे.

४जीवरचे साधे कॉलही आता इंटरनेटसारखे पाकिटांतून जातात, त्याला व्होल्टी म्हणतात. तुमचा आवाज जाण्याचा आणि त्यांचा येण्याचा प्रवाह वेगवेगळा असतो, त्यामुळे एकाच दिशेचा आवाज हरवणं अगदी शक्य आहे. सेटिंग्जमध्ये व्होल्टी किंवा 'वायफाय कॉलिंग' थोडा वेळ बंद करून त्याच माणसाला कॉल करा. मात्र व्होल्टी बंद केल्यावर काही नेटवर्कवर साधा कॉल लागतच नाही, तसं झालं तर लगेच परत चालू करा. तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला, दुसऱ्याचं तुमच्यात घाला. दोष सिमबरोबर गेला तर कंपनीला कळवा, फोनबरोबर राहिला तर नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करा. त्याने फोटो वगैरे जात नाहीत, फक्त वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुन्हा द्याव्या लागतात. आणि एकाच माणसाशी बोलताना होत असेल तर दोष त्यांच्या बाजूलाही असू शकतो, हे विसरू नका.

सांजदिवा

अजून एक शक्यता. गाल लागून म्यूटचं बटण दाबलं जाणं. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी व्हायला हवी. वरच्या बाजूचा जो सेन्सर हे करतो त्याच्यावर जाड स्क्रीन गार्ड आला की स्क्रीन चालूच राहते आणि गालानेच बटणं दाबली जातात. माझ्या सासऱ्यांना वाटायचं की लोक त्यांच्याशी बोलायचं टाळतात. ते फार मनाला लावून घेत होते. गार्ड बदलला आणि प्रश्न मिटला. म्हणून सांगते, वयस्कर माणसाचा फोन असा वागत असेल तर "तुम्हालाच नीट जमत नाही" असं म्हणण्याआधी फोन हातात घेऊन तपासा.

पारिजात_२

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आईकडे आले. आधी बाबांचे सगळे मेसेज माझ्या लॅपटॉपवर उतरवले आणि एक प्रत भावाकडे पाठवली. आता निवांतपणे पाहता येतंय.

ब्लूटूथ बंद, माईकचा ॲक्सेस चालू, म्यूट नाही, कानाला लावल्यावर स्क्रीन काळी होते. रेकॉर्डरमध्ये आवाज अगदी क्षीण येतो, मागे खरखर आहे. मागच्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओत आवाज स्वच्छ. पुढच्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओतही बरा. साधा कॉल आणि व्हॉट्सॲप कॉल, दोन्हींत समोरच्याला ऐकू जात नाही. इअरफोन लावले की उत्तम जातं. कव्हर काढल्यावर किंचित फरक पडला, पण किंचितच.

तारयंत्र

मग चित्र बरंच स्पष्ट झालं. नेटवर्क सुटलं, कारण व्हॉट्सॲपलाही तेच होतं. ॲप आणि परवानग्या सुटल्या, कारण इअरफोनवर त्याच ॲपमधून आवाज जातो. राहिला खालचा माईक आणि त्याची वाट. कव्हर काढल्यावर थोडा फरक पडला म्हणजे वाट अर्धवट बुजलेली असण्याची आशा आहे. रंधांनी सांगितलं तसा ब्रश फिरवा आणि पुन्हा रेकॉर्डर लावा. मधल्या काळात आईला इअरफोन लावून द्या, म्हणजे रोजचा फोन तरी चुकणार नाही.

शिंपलेवाला

माझा फोन पावसात भिजल्यापासून आवाज बुडबुडल्यासारखा जातो. तांदळात ठेवलाय. पाणी बाहेर काढणारी एक ध्वनिफीतही वाजवून पाहिली.

रंधा

तांदळातून काढा. पिठूळ भुकटी आणि बारीक कण आत जातात. अ‍ॅपलनेही आपल्या सूचनांमध्ये तांदळाला स्पष्ट नाही म्हटलंय. ध्वनिफीत स्पीकरचा पडदा हलवून स्पीकरमधलं पाणी उडवते, माईकला तिचा उपयोग नाही. चार्जिंगची खाच खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटा, मग पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवा. हेअर ड्रायर नको. खाच पूर्ण कोरडी होईपर्यंत चार्जिंगला लावू नका. एक-दोन दिवसांत माईक आपोआप मोकळा झाला तर ठीक. नाही झाला तर उघडून पाहावं लागतं, कारण आत गंज सुरू झाला असेल तर तो माईकपाशी थांबत नाही.

लेखणीबहाद्दर

आयफोनवाल्यांसाठी थोडं लिहितो. 'व्हॉइस मेमोज'मध्ये बोलून पाहिलं की खालचा माईक तपासला जातो. मागच्या आणि पुढच्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओने बाकीचे. आयफोन १२ पर्यंतच्या मॉडेलवर ॲक्सेसिबिलिटीत 'ऑडिओ/व्हिज्युअल'च्या आत 'फोन नॉइज कॅन्सलेशन' आहे, ते बंद करून पाहता येतं. १३ पासून तो पर्याय नाही. २०२३ मध्ये आयओएस १६.४ आलं तेव्हापासून साध्या कॉलवरही 'व्हॉइस आयसोलेशन' लावता येतं. कॉल चालू असताना कंट्रोल सेंटरमधून माईक मोड बदलून पाहा. काही वेळा आवाज तुटण्याचं कारण तिथेच सापडतं. स्क्रीनच्या वर नारिंगी ठिपका दिसत असेल तर एखादं ॲप माईक वापरतंय, ही खूण आयओएस १४ पासून आहे.

आयफोन ७ किंवा ७ प्लस अजून कुणी वापरत असेल तर कॉलमध्ये स्पीकरचं बटण फिकट झालंय का ते पाहा. तसं असेल आणि व्हॉइस मेमोजही चालत नसेल, तर दोष माईकचा नसून मदरबोर्डवरच्या ऑडिओ चिपचा असतो. तिथे नुसता माईक बदलून काही होत नाही.

उंबरठा

अँड्रॉइडवरही कंपन्यांच्या स्वतःच्या चाचण्या आहेत. सॅमसंगमध्ये 'सॅमसंग मेंबर्स' ॲपच्या डायग्नॉस्टिक्समध्ये माईकची चाचणी आहे. शाओमीत डायलरवर *#*#६४८४#*#* टाइप केलं की चाचण्यांची यादी उघडते. नवं ॲप टाकल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर सेफ मोडमध्ये फोन सुरू करा. त्यात बाहेरून टाकलेली ॲप बंद राहतात. तिथे आवाज नीट गेला तर ॲप शोधायचं, फोन उघडायचा नाही.

पारिजात_२

ब्रशने बरीच धूळ निघाली, पुटीलाही लागली. आवाज पूर्वीपेक्षा बरा जातो, पण खरखर तशीच आहे आणि चार्जिंगची पिन हलवली की ती वाढते. हे काय असावं? दुरुस्तीला द्यायचाच असेल तर काय विचारू?

रंधा

पिन हलवल्यावर खरखर बदलते, हे तुम्ही फार छान टिपलंत. बहुतेक फोनमध्ये खालच्या बाजूला एक छोटा वेगळा बोर्ड असतो, आम्ही त्याला सब-बोर्ड किंवा चार्जिंग बोर्ड म्हणतो. चार्जिंगची खाच आणि खालचा माईक दोन्ही त्याच्यावर बसवलेले असतात आणि एका चपट्या पट्टीने तो मदरबोर्डला जोडलेला असतो. खाच ढिली झाली, ओल लागली किंवा पट्टीचा कनेक्टर हलला, की माईकही खरखरतो. म्हणजे तुमचा मदरबोर्ड बहुधा ठीक आहे. हे काम मोठं नाही आणि यात फोनमधली माहिती पुसावी लागत नाही. कुणी "डेटा जाईल" किंवा "रिसेट करावंच लागेल" म्हणालं तर कारण विचारा.

विचारायचं ते असं : पूर्ण सब-बोर्ड बदलणार की फक्त माईक? नवा भाग मूळ कंपनीचा आहे की दुसरा? जाळी आणि रबराची चकती परत बसवणार का? ही चकती राहून गेली तर नवा माईकही दबका आवाज देतो, आणि घाईत तीच राहते. फोन पाण्यापासून सुरक्षित म्हणून घेतला असेल तर उघडल्यावर तो तसा राहील असं धरू नका. वॉरंटी बाकी असेल तर अधिकृत केंद्रातच जा.

सांजदिवा

आणि पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आहे आणि पिक्सेलमध्ये अँड्रॉइड १४ पासून 'रिपेअर मोड'. तो लावला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन तपासता येतो, पण फोटो, मेसेज, खाती दिसत नाहीत. आईच्या फोनमध्ये बँकेचं ॲप असेल तर हे नक्की करा.

मध्यरात्र

माझं सांगायचं राहिलं. वायफाय कॉलिंग बंद केल्यापासून एकही कॉल मुका गेलेला नाही. घरचं वायफाय वरच्या खोलीत कमजोर होतं, तिथेच हे व्हायचं. माईक बदलायचा वाचला. तारयंत्र, खूप खूप आभार.

पारिजात_२

सब-बोर्ड बदलला. त्यांनी समोर उघडून दाखवलं, कनेक्टरपाशी हिरवट गंज होता. पैसे द्यायच्या आधी तिथेच रेकॉर्डर लावून ऐकलं, मग आईने भावाला फोन लावला. त्याला प्रत्येक शब्द कळला. बाबांचे मेसेज फोनमध्ये जसेच्या तसे आहेत.

कोरीपाटी

धागा आत्ताच सापडला. माझा चार्जिंग बोर्ड मागच्या आठवड्यात बदलला, चार्जिंग झकास होतं, पण तेव्हापासून लोक म्हणतात आवाज लांबून येतो. आधी माईक व्यवस्थित होता. दुरुस्तीवाले म्हणतात तुमच्या नेटवर्कचा दोष आहे.

रंधा

दुरुस्तीच्या आधी नीट होता आणि दुरुस्तीनंतर बिघडला, तर नेटवर्कला दोष देता येत नाही. रेकॉर्डरमध्ये बोलून पाहा, तिथे नेटवर्कचा संबंधच नसतो. तिथेही आवाज लांबून आला तर दोनपैकी एक असेल : चकती किंवा जाळी सरकलेली, किंवा नव्या बोर्डावरचा माईक हलक्या प्रतीचा. खालच्या भोकापासून चार बोटांवर तोंड ठेवून एक रेकॉर्डिंग करा आणि त्याच अंतरावरून मागच्या कॅमेऱ्याचा माईक वापरून व्हिडिओ घ्या. दोन्ही घेऊन परत जा आणि त्यांच्यासमोर वाजवा. आधी चकती तपासायला सांगा, ते पटकन होण्यासारखं काम आहे. चकती जागेवर असेल तर बोर्ड बदलून मागा. आणि मधल्या काळात आवाज मोठा व्हावा म्हणून स्वतः त्या भोकात काही घालू नका, नाहीतर नवा बोर्ड बदलून द्यायला ते नकार देतील.